वाचकांचे प्रश्न : जमीन विकली नाही, मग विकले काय?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे, एकमेकांना न ओळखणाऱ्या वाचकांनी लिहिलेली असूनही, एकाच प्रश्नाभोवती फिरणारी निघाली. मोकळी जमीन मोकळीच राहावी म्हणून स्थानिक शासनाने पैसे मोजावेत का, आणि मोजले तर त्या पैशांत त्याच्या हाती नेमके काय येते, हा तो प्रश्न. म्हणून या वेळी सगळी जागा या तिघांना दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतल्या हंटरडन काउंटीत राहतो. आमच्या घरामागे साठ एकरांचे मक्याचे शेत आहे. त्यावर ‘कॉन्झर्वेशन ईझमेंट’ विकत घेण्याचे टाउनशिपने (म्हणजे इथल्या स्थानिक शासनाने) ठरवले आहे आणि त्याच सुमारास मोकळ्या जागांसाठीचा कर वाढवण्याचा प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येणार आहे. शेत शेतकऱ्याच्याच नावावर राहणार, आम्हाला त्यात पाऊलही टाकता येणार नाही, तरीही त्याला लाखो डॉलर मिळणार. भारतातल्या सासऱ्यांना हे फोनवर समजावून सांगताना माझे मलाच ते पटेना. टाउनशिप विकत घेते तरी काय, आणि त्याचा भाव कसा ठरतो?

उत्तर : सासऱ्यांना समजावताना सुरुवात अमेरिकेपासून करू नका, कोकणापासून करा. जमीन एकाची आणि तिच्यात उभे असलेले आंब्याचे किंवा फणसाचे झाड दुसऱ्याचे, अशी वहिवाट कोकणात ठिकठिकाणी आढळते. झाडाचा धनी हंगामात येतो, फळ उतरवून नेतो आणि जमिनीचा धनी त्याला अडवत नाही. मालकीतून एखादा हक्क सुटा काढून दुसऱ्याच्या हाती देता येतो, ही गोष्ट आपल्या लोकांना नवी नाही. तुमच्या शेजारच्या शेतकऱ्याला शेत कसण्याचा, ते खंडाने देण्याचा, गहाण टाकण्याचा, मुलांच्या नावे करण्याचा, आणि प्लॉट पाडून घरे बांधण्याचाही हक्क आहे. टाउनशिप त्यांतला फक्त शेवटचा हक्क विकत घेते (हेच ‘कॉन्झर्वेशन ईझमेंट’) आणि तो कधीही वापरत नाही. तो कोणीच वापरू नये यासाठीच ती खरेदी असते. बाकीचे सगळे हक्क शेतकऱ्याकडे राहतात. उद्या त्याने शेत विकले तर घेणाऱ्यालाही हे बंधन पाळावे लागते, कारण दस्त नोंदवलेला असतो आणि बंधन मालकाला नव्हे, जमिनीला लागलेले असते.

भावाचे गणित वजाबाकीचे आहे. दोन स्वतंत्र मूल्यांकनकार दोन किमती काढतात : आज, घरे बांधण्याची मुभा असताना, जमीन किती किमतीची आहे, आणि ती मुभा कायमची काढून घेतल्यावर किती किमतीची उरेल. दोहोंतला फरक हीच ईझमेंटची किंमत. समजा, आजचा भाव एकरी २५,००० डॉलर आणि केवळ शेतजमीन म्हणून ९,००० डॉलर निघाला, तर एकरी १६,००० प्रमाणे साठ एकरांचे ९,६०,००० डॉलर होतात. (हे आकडे मी हिशेब दाखवण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या शेताचे नव्हेत.) मूल्यांकनाचे अहवाल राज्याच्या स्टेट ॲग्रिकल्चर डेव्हलपमेंट कमिटीकडे जातात आणि ती कमिटी प्रमाणित मूल्य ठरवते. ही सगळी रक्कम टाउनशिपच्या तिजोरीतून जात नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. राज्य, काउंटी आणि टाउनशिप मिळून ती उचलतात; काही व्यवहारांत २०१४ च्या ‘फार्म बिल’ या शेतीविषयक कायद्याने सुरू झालेल्या केंद्रीय योजनेतून ईझमेंटच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत मदत मिळते. न्यू जर्सीच्या मतदारांनीही २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून कंपन्यांवरील कराचा ठरावीक हिस्सा मोकळ्या जमिनी, शेती आणि ऐतिहासिक वास्तू यांच्यासाठी बांधून दिला आहे.

आता तुमच्या कराबद्दल. हा कर मूल्यांकनाच्या दर १०० डॉलरमागे अमुक इतके सेंट असा असतो. दोन सेंटांची वाढ असेल आणि तुमच्या घराचे करमूल्य ६,००,००० डॉलर असेल, तर वर्षाला १२० डॉलर जास्त जातील. मतपत्रिकेवरचा आकडा सेंटांत असल्यामुळे तो फारच लहान वाटतो, म्हणून डॉलरांत मांडून पाहावा, इतकेच. प्रचारपत्रकांत असेही लिहिलेले असते की घरे आली की शाळेचा खर्च वाढतो, म्हणून शेत राखणे स्वस्त पडते. न्यू जर्सीत मालमत्ता कराचा सर्वांत मोठा वाटा शाळांकडे जातो, त्यामुळे या म्हणण्यात तथ्य आहे. पण शेत राखल्यामुळे तुमचे कराचे बिल खाली येईल असा त्याचा अर्थ कोणी सांगत असेल, तर तो मान्य करू नका. बिल वाढायचे राहील, फार तर एवढेच म्हणता येईल. शेतकऱ्याचा करही यामुळे घटत नाही, कारण १९६४ च्या कायद्यानुसार कसल्या जाणाऱ्या जमिनीवर तो आधीपासूनच शेतीच्या दराने कर भरत असतो.

पाऊल टाकता येणार नाही ही तुमची तक्रार मला समजते, पण ती चुकीच्या दारावर आहे. शेतजमिनीच्या ईझमेंटमध्ये लोकांना आत येण्याचा हक्क नसतो, आणि नसावाही. पेरलेल्या शेतातून रविवारी माणसे फिरू लागली तर ज्या शेतीसाठी पैसे मोजले तीच मोडेल. पायवाट हवी असेल तर शेताच्या कडेच्या पट्टीपुरता वेगळा हक्क टाउनशिपने वेगळा मोबदला देऊन घ्यावा लागतो. सभेत हा मुद्दा दस्त होण्यापूर्वी मांडा, नंतर मांडून उपयोग नाही.

ही कल्पना तशी जुनी नाही. शहरांचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९५९ मध्ये ‘कॉन्झर्वेशन ईझमेंट’ हा शब्दप्रयोग रूढ केला. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराच्या नागरिकांनी १९६७ मध्ये मोकळ्या जमिनीसाठी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला. शेतजमिनीचे बांधकाम-हक्क विकत घेण्याची वाट मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीने १९७४ मध्ये पाडली. लाँग आयलंडवरची बटाट्याची शेते एकेक करून वसाहतींखाली जात होती आणि सगळी शेते विकत घेणे काउंटीला परवडणारे नव्हते. तिने पहिले हक्क १९७७ मध्ये विकत घेतले. १९७९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या मतदारांनी याच कामासाठी ५ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले, आणि न्यू जर्सीचा कायदा १९८३ चा आहे.

प्रश्न : मुलगी आणि जावई न्यू जर्सीत चाळीस एकरांचे ‘प्रिझर्व्हड फार्म’ विकत घेण्याच्या विचारात आहेत. आजूबाजूच्या जमिनींच्या मानाने भाव पुष्कळच कमी आहे. त्यांना हरितगृहे उभारून भाजी व फुले पिकवायची आहेत, जुने घर वाढवायचे आहे आणि जमल्यास लग्नसमारंभांना जागा भाड्याने द्यायची आहे. यांतले काय चालेल? आणि टाउनशिपमध्ये पुढे वेगळ्या विचारांची माणसे निवडून आली तर हे बंधन उठू शकते का?

उत्तर : भाव कमी आहे, कारण वर सांगितलेली वजाबाकी आधीच्या मालकाच्या खिशात जमा झालेली आहे. मुलगी-जावयांना शिल्लक राहिलेली जमीन मिळते आहे. हे गैर नाही. ज्यांना खरोखर शेती करायची आहे त्यांना जमीन परवडावी, हा या योजनेचा एक हेतूच आहे. मात्र ‘आज स्वस्त घेऊ, पुढे बंधन उठेल’ असा हिशेब मनात असेल तर तो आजच काढून टाकावा.

पहिली गोष्ट, दलालाच्या जाहिरातीवर न जाता नोंदवलेला ‘डीड ऑफ ईझमेंट’ मागवून वकिलाकडून वाचून घ्यावा आणि त्याला जोडलेला मोजणी नकाशा समोर ठेवावा. त्या नकाशावर एखादा तुकडा वेगळ्या रेषेने कापलेला दिसेल. त्याला ‘एक्सेप्शन एरिया’ म्हणतात. तो ईझमेंटच्या बाहेर ठेवलेला भाग असतो आणि त्याचे पैसे शासनाने दिलेले नसतात, म्हणून तिथे स्थानिक नियमांत बसेल ते करता येते. जुने घर या रेषेच्या आत आहे की बाहेर, यावर तुमच्या दुसऱ्या इच्छेचे उत्तर अवलंबून आहे. हा तुकडा मूळ मालकाने व्यवहाराच्या वेळीच राखून ठेवायचा असतो, नंतर मागून मिळत नाही. न्यू जर्सीत दर १०० एकरांमागे शेतीसाठी लागणाऱ्या एका घराची जागा राखता येते, तुमच्या चाळीस एकरांना तो नियम लागू पडणार नाही. शेताचे दोन भाग करून भावाभावांत वाटायचे म्हटले तरी राज्याच्या कमिटीची परवानगी लागते. एकदा तुकडे झाले की शेती परवडेनाशी होते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार.

हरितगृहांच्या बाबतीत मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण नेमक्या याच विषयावर न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. हंटरडन काउंटीतल्या क्वेकर व्हॅली फार्म्स या शेताच्या मालकाने शेवंतीसारख्या फुलांसाठी कमानींची हरितगृहे उभारायचे ठरवले. जमीन उताराची होती, म्हणून त्याने सुमारे वीस एकर क्षेत्र यंत्रांनी सपाट केले. वरची सुपीक माती खरवडली गेली, खालचा मुरमाड थर वर आला आणि भरावात चांगली माती गाडली गेली. ‘हरितगृह हीसुद्धा शेतीच आहे, आणि दस्तात शेतीला मनाई नाही,’ हा त्याचा बचाव होता. न्यायालयाने हरितगृहे उभारण्याचा त्याचा हक्क मान्य केला, पण त्यासाठी उत्तम प्रतीच्या मातीचा एवढा मोठा पट्टा कायमचा नासवण्याचा अधिकार त्याला नाही, असे ठरवले. शासनाने पैसे मोजले होते ते कसदार माती पुढच्या पिढ्यांना उपलब्ध राहावी म्हणून, केवळ तिथे इमारत नसावी म्हणून नव्हे. तेव्हा जावयांनी जेसीबी बोलावण्यापूर्वी काउंटीच्या ॲग्रिकल्चर डेव्हलपमेंट बोर्डाकडे आराखडा घेऊन जावे. उतार कमी असलेली जागा निवडून, माती न हलवता, थेट जमिनीत लावणी करणारी हरितगृहे उभारली तर सहसा अडचण येत नाही.

लग्नसमारंभांना आता वाट आहे. २०२३ च्या कायद्याने राखीव शेतांवर वर्षाला २६ पर्यंत समारंभ करण्याची मुभा, अटींसह, दिली आहे. शेती हा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, हे त्या अटींचे सार. मंडपाच्या भाड्यावर कर्जाचे हप्ते फेडण्याचा बेत असेल तर फेरविचार करा.

वर्षातून एकदा ईझमेंट सांभाळणाऱ्या संस्थेचा माणूस आगाऊ कळवून येईल. त्याच्या हातात व्यवहाराच्या वेळी केलेली नोंद, छायाचित्रे आणि नकाशा असतो, आणि तो बांधाबांधाने फिरून तेव्हाचे आणि आत्ताचे ताडून पाहतो : नवे छप्पर कुठे आले, मातीचा ढीग कशाचा, मागच्या ओढ्याजवळ राडारोडा कोणी टाकला. आपल्याकडची माणसे अशा भेटीला ‘तपासणी’ समजून धास्तावतात. तसे होऊ नये. त्या माणसाशी ओळख ठेवलेली बरी, कारण शंका विचारायला तोच पहिला उपयोगी पडतो.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. निवडून आलेली नवी माणसे साध्या ठरावाने बंधन उठवू शकत नाहीत. शेतजमिनीच्या व्यवहारात राज्य आणि काउंटी यांचा पैसा गुंतलेला असल्याने एकट्या टाउनशिपला तो हक्क सोडून देता येत नाही, आणि मला वाटते, या रचनेतली खरी शहाणपणाची गोष्ट हीच आहे. राखणदार एकटा असला की त्यालाच मोह होण्याची भीती असते. इतर मोकळ्या जमिनींच्या बंधनांसाठी न्यू जर्सीचा १९७९ चा कायदा आहे, त्यानुसार बंधन सोडायचे तर जाहीर सुनावणी आणि राज्याच्या पर्यावरण खात्याच्या आयुक्तांची मंजुरी लागते. तरीही तट अभेद्य आहे असे मी म्हणणार नाही. सफोक काउंटीत, जिथे हे सगळे सुरू झाले तिथेच, काउंटीने स्वतःचा कायदा दुरुस्त करून अशा जमिनींवर काही बांधकामे आणि उपयोग यांना मुभा दिली. एक पर्यावरण संस्था न्यायालयात गेली. २०१६ मध्ये पहिल्या न्यायालयाने त्या दुरुस्त्या रद्द केल्या आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. बंधन कागदावर कायम राहूनही त्याचा अर्थ सैल होऊ शकतो, तो असा. मुलीला सांगायचे तर : बंधन उठेल या आशेवर घेऊ नये, आणि ते जसेच्या तसे राहील या भरवशावर शेजारच्या दृश्यासाठीही जास्त पैसे देऊ नयेत.

प्रश्न : पुण्याजवळच्या टेकडीवर आमची वडिलोपार्जित दीड एकर जमीन जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात आहे. आम्हाला तिथे इमारत उभारायची नाही, वडिलांनी लावलेली झाडे तशीच राहावीत एवढीच इच्छा आहे; पण जमीन नावावर राहावी आणि बांधकाम न करण्याचा काही मोबदलाही मिळावा असे वाटते. अमेरिकेत भाच्याच्या गावात असे होते म्हणतात. आपल्याकडे महापालिका असा हक्क विकत घेऊ शकेल का?

उत्तर : तुमची इच्छा अगदी रास्त आहे, आणि सध्याच्या कायद्यात तिला नीट बसेल असा साचा नाही. कारण थोडे तांत्रिक आहे, पण समजून घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकार (म्हणजेच ईझमेंट) अधिनियम आहे. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ४ नुसार सुविधाधिकार हा एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. माझ्या शेतात जाण्यासाठी तुमच्या बांधावरून वाट, माझ्या विहिरीचे पाणी तुमच्या पाटातून, अशी त्याची जोडी असते. लाभ घेणारी जमीनच नसेल, आणि लाभ ‘पुणेकरांना’ किंवा ‘टेकडीवरच्या मोरांना’ होणार असेल, तर त्या व्याख्येत तो बसत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४० वापरून शेजारच्या जमिनीवर बांधकाम न करण्याची अट घालता येते आणि ती माहीत असलेल्या पुढच्या खरेदीदारालाही ती बांधते, पण तिथेही अट घेणाऱ्याची स्वतःची स्थावर मिळकत असावी लागते. तुमच्या जमिनीला लागून महापालिकेची बाग असेल तर एखादा कल्पक वकील काहीतरी जुळवून आणेल. सगळ्या टेकडीसाठी हा उपाय होऊ शकत नाही.

गंमत अशी की अमेरिकेतही जुन्या न्यायतत्त्वांची अडचण हीच होती. ती त्यांनी राज्याराज्यांत स्वतंत्र कायदे करून दूर केली, आणि १९८१ मध्ये सर्व राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला, ज्यात लाभ घेणारी जमीन नसली तरी हक्क वैध राहील असे स्पष्ट लिहिले. महाराष्ट्राला असा कायदा करायचा झाल्यास तो पाच-सहा पानांपेक्षा मोठा असण्याचे कारण नाही : हा हक्क कोणाला धारण करता येईल, त्याची नोंदणी कशी होईल, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात तो कसा लिहावा, आणि तो सोडायचा अधिकार कोणाकडे असेल. रकाना आहेच, आज त्यात बँकेचा बोजा आणि विहिरीतला हिस्सा लिहिला जातो.

त्याऐवजी आपल्याकडे आरक्षण आहे. पुणे महापालिकेत १९९७ मध्ये आलेल्या गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांचे सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठी राखले गेले. राज्याने ते २०१५ मध्ये मान्य केले आणि मोबदला जमिनीच्या ८ टक्के टीडीआर (म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) असा ठरला. यातला फरक ध्यानात घ्या. टीडीआर हवा असेल तर जमीन महापालिकेच्या ताब्यात द्यावी लागते. जमीन स्वतःकडे ठेवली तर मोबदला नाही आणि बांधकामही नाही. राजधानी वॉशिंग्टन शहराजवळच्या माँटगोमेरी काउंटीने १९८० मध्ये ९३,००० एकरांवर घरांची मर्यादा २५ एकरांना एक इतकी खाली आणली, तेव्हा तिथेही शेतकऱ्यांना टीडीआरच दिला, पाच एकरांमागे एक. तिथला शेतकरी तो बिल्डरला विकतो, आपल्या जमिनीवर कायमचे बंधन नोंदवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीत ट्रॅक्टर घालतो. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट मला दिसते, ती म्हणजे मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत आलेला वारसा-वास्तूंचा टीडीआर : त्यात वास्तू मालकाकडेच राहते आणि गमावलेल्या चटईक्षेत्राची भरपाई मिळते. जी सवलत दगडी इमारतीला देता आली ती झाडे असलेल्या टेकडीला का देता येऊ नये, हा प्रश्न तुम्ही नियमावलीच्या हरकती-सूचनांच्या वेळी लेखी विचारावा असे मी सुचवेन.

तोवर एक व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही तर मालकाला खरेदीची नोटीस देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. बिल्डर तुमच्या दारात येतात ते या कलमाच्या आशेने. आरक्षण गेले म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली असे होत नाही, लगतच्या जमिनींना जे लागू आहे ते लागू होते; आणि टेकडीला उताराचे नियम वेगळे आहेत. तुमच्या आरक्षणाच्या मंजुरीची तारीख राजपत्रातून काढून ठेवा, सातबारा आणि मोजणीचा नकाशा अद्ययावत करून घ्या, वडिलांनी लावलेल्या झाडांची जातवार नोंद छायाचित्रांसह करून ठेवा, आणि तोपर्यंत कोणालाही साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र लिहून देऊ नका.